लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेनंतरचे दुसरे वर्ष

वजन कमी करण्याचे ऑपरेशन करून घेतलेली एखादी व्यक्ती तीन-चार वर्षांनी पुन्हा भरलेली दिसू लागली, की नात्यागोत्यात दोनच निदाने होतात. एक म्हणजे ‘ऑपरेशन फसलं’. दुसरे सहसा पाठीमागे बोलले जाते: ‘जिभेवर ताबा नाही, त्याला डॉक्टर तरी काय करणार?’ २०२५ च्या मार्चमध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही ही वजनाची इंजेक्शने भारतात आली, तेव्हापासून ‘इंजेक्शन घ्यावे की ऑपरेशन करावे’ ही चर्चा घरोघरी होऊ लागली आहे आणि त्या चर्चेत ही दोन्ही निदाने हमखास ऐकू येतात. बहुतेक वेळा ती दोन्ही चुकीची असतात, कारण भूक लागणे आणि खाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यांत धरलेले नसते. शस्त्रक्रिया पहिलीवर जोरकस काम करते, दुसरीवर मात्र अर्धवटच.

पोटात नेमके काय बदलते

आज सर्वाधिक केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रिया दोन आहेत. ‘स्लीव्ह’मध्ये जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहून थोडा अधिक भाग काढून टाकला जातो आणि केळ्याच्या आकाराची एक नळी शिल्लक राहते. ‘बायपास’मध्ये जठराच्या वरच्या टोकाला जेमतेम दोन मोठे चमचे मावतील एवढी पिशवी वेगळी काढून ती थेट लहान आतड्याला जोडली जाते. बायपासची मूळ कल्पना अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये प्रथम प्रत्यक्षात आणली. पिशवी लहान झाली म्हणून माणूस कमी खातो, अशी तेव्हा साधी समजूत होती.

पुढे कळले की प्रकरण केवळ पिशवीच्या आकाराचे नाही. आपल्या जठरात, विशेषतः त्याच्या वरच्या फुगीर भागात, घ्रेलिन नावाचे संप्रेरक तयार होते आणि ते मेंदूला भुकेची वर्दी देते. जपानी संशोधकांनी ते १९९९ मध्ये शोधले. स्लीव्हमध्ये नेमका हाच भाग काढला जातो. याउलट, पोट भरल्याचा निरोप देणारी आतड्यातील संप्रेरके दोन्ही शस्त्रक्रियांनंतर जेवताच भरपूर पाझरू लागतात. गच्चीवरच्या टाकीचे उदाहरण घेऊ. टाकी लहान करून बसवली, एवढेच झालेले नसते, तर पाणी कुठवर चढले की पंप बंद व्हावा हे ठरवणारा आतला फ्लोटही खाली आणलेला असतो. म्हणूनच शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत रुग्ण सांगतात की भूक मारावी लागत नाही, ती लागतच नाही.

या काळाला डॉक्टर मंडळी आपसात ‘हनिमून’ म्हणतात. काटा दर आठवड्याला खाली येतो, मधुमेहाच्या गोळ्या कमी होतात, गुडघे कुरकुरत नाहीत आणि आरशाशी वैर उरत नाही. खरी गोष्ट त्यानंतर, साधारण दुसऱ्या वर्षापासून, सुरू होते.

किती घटते आणि किती परतते

या विषयातला सर्वांत दीर्घ आणि भरवशाचा अभ्यास स्वीडनमधला आहे. १९८७ मध्ये सुरू झालेल्या त्या अभ्यासात शस्त्रक्रिया केलेल्या आणि न केलेल्या मिळून चार हजारांहून अधिक लठ्ठ व्यक्तींवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवण्यात आले. बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के घटले आणि दहा वर्षांनी ही घट २५ टक्क्यांवर येऊन थांबली. शस्त्रक्रिया न केलेल्यांचे वजन त्या सगळ्या काळात जवळपास होते तिथेच राहिले. शिवाय शस्त्रक्रिया केलेल्यांमधील मृत्यूचे प्रमाण, वय आणि इतर आजारांचा हिशेब धरल्यावर, २९ टक्क्यांनी कमी आढळले.

हे आकडे आपल्याकडच्या एखाद्या बाईला लावून पाहू. उंची पाच फूट दोन इंच, वजन १०५ किलो. दीड-दोन वर्षांत ती सरासरीने ७१ किलोपर्यंत येईल आणि दहा वर्षांनी ७९ च्या आसपास असेल. वैद्यकीय दृष्टीने हे झळझळीत यश आहे. पण दवाखान्याच्या भिंतीवरचा उंची-वजनाचा तक्ता तिला ५७ किलो दाखवतो आणि ऑपरेशन टेबलावर चढताना तिच्या मनात बहुधा तोच आकडा असतो, किंवा लग्नातल्या फोटोतला. तीस-पस्तीस किलो उतरवूनही ‘आपल्याला जमलं नाही’ असे तिला वाटू शकते. मग ७१ वरून ७४ झाले की ती काट्यावर उभी राहायचेच सोडते. अपेक्षा हा त्यामुळे पहिला मानसिक घटक म्हणावा लागेल. शस्त्रक्रियेच्या आधी तासभर बसून नीट बोलले तर त्याचे बरेचसे ओझे उतरू शकते. प्रत्यक्षात मात्र तो तास बहुधा विम्याच्या कागदपत्रांत जातो.

पोट भरले, मन भरले नाही

भूक आणि वखवख यांत फरक करण्यासाठी मराठीत कुठलाही पारिभाषिक शब्द आणावा लागत नाही. भूक पोटात लागते, हळूहळू वाढते आणि वरणभातानेही भागते. वखवख अचानक उठते, तिला विशिष्ट काहीतरी हवे असते आणि बहुधा तिच्यामागे पोट नसतेच. कंटाळा, एकटेपणा, अपमान, कामाचा ताण किंवा नुसती सवय असते.

एक साधे दृश्य पाहू. रात्रीचे साडेनऊ. जेवण झालेले आहे. जेवण म्हणजे अर्धी पोळी, चमचाभर भाजी आणि वाटीभर दाट वरण, कारण त्याहून जास्त जातच नाही. मुलगा परदेशात, नवरा मोबाईलमध्ये, समोर मालिका चालू आणि मांडीवर पातळ पोह्यांच्या चिवड्याचा स्टीलचा डबा. एका वेळी चार बोटांत येईल तेवढाच चिवडा. तो चावला की भुगा होतो, चहाच्या घोटाबरोबर खाली उतरतो आणि दहा मिनिटांत पोटात पुन्हा जागा होते. अकरा वाजेपर्यंत डब्याचा तळ दिसतो. या बाईला कुणी विचारले, तर ती अगदी प्रामाणिकपणे सांगेल की मी अर्धी पोळीच खाते.

शस्त्रक्रियेला फसवण्याची ही सर्वांत सोपी वाट आहे आणि ती बहुतेकांना नकळतच सापडते. डाळ-उसळ, पनीर, अंडी, चिकन हे प्रथिनांचे पदार्थ लहान झालेल्या जठरात जड होतात. घाईने खाल्ले तर छातीत दाटते, उलटी होते. आइस्क्रीम, बिस्किटे, श्रीखंड किंवा चिवडा मात्र विनातक्रार घसरून जातो. म्हणजे ज्याने त्रास होतो ते टाळावे आणि ज्याने होत नाही ते खावे, हा शरीराचा साधा धडा इथे उलटा पडतो. बायपासनंतर गोड खाल्ले की अनेकांना धडधड, घाम, चक्कर असा त्रास होतो आणि काही काळ तीच शिक्षा राखण करते. पण सर्वांना हा त्रास होत नाही, स्लीव्हनंतर तो तुलनेने कमी दिसतो आणि थोडे-थोडे खाऊन तो चुकवताही येतो.

टाकीच्या भाषेत सांगायचे तर फ्लोट चोख काम करतो आहे, पण कोणीतरी वरून तांब्या-तांब्याने पाणी ओतते आहे. येता-जाता तोंडात टाकत राहण्याची ही सवय आणि ‘आता मला थांबताच येत नाही’ ही भावना, या दोन गोष्टी शस्त्रक्रियेनंतर सुरू झाल्या तर वजन कमी घटते आणि लवकर परतते, असे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसले आहे. खाल्लेले प्रमाण लहान असले तरी ताबा सुटल्याची भावना महत्त्वाची ठरते, कारण शस्त्रक्रियेनंतर ताटभर खाणे शक्यच नसते.

मग आधीच नैराश्य असलेल्यांनी ऑपरेशन करूच नये का

अनेकांना असे वाटते, पण पुराव्यातून तसे दिसत नाही. २०१६ मध्ये तोवरच्या अनेक अभ्यासांची एकत्र छाननी प्रसिद्ध झाली. तिच्यात शस्त्रक्रियेसाठी आलेल्यांपैकी सुमारे १९ टक्क्यांना नैराश्य आणि १७ टक्क्यांना अनावर खाण्याचा विकार असल्याचे आढळले. परंतु यांपैकी कोणत्याही आजारावरून पुढे वजन किती घटेल याचे खात्रीलायक भाकीत करता येत नव्हते. उलट शस्त्रक्रियेनंतर नैराश्याचे प्रमाण बहुतेक अभ्यासांत कमीच झालेले होते.

मला या सगळ्या विषयातली हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. माणसाच्या मनात शस्त्रक्रियेच्या आधी काय होते यापेक्षा नंतर काय घडते याचा वजनाशी अधिक जवळचा संबंध आहे. तरीही आपली सगळी यंत्रणा आधीच्या तपासणीवर भर देते आणि टाके सुकले की मनाचा विषय संपल्याचे समजते.

‘मला वेड लागलंय का?’ हा प्रश्न

शस्त्रक्रियेपूर्वी मानसशास्त्रज्ञाकडे पाठवले की अनेक रुग्ण दुखावतात आणि घरचेही बिचकतात. तिथे जाणे ही परीक्षाच आहे आणि तिच्यात नापास झालो तर ऑपरेशन मिळणार नाही, अशा समजुतीने लोक बरेच काही लपवतात: रात्री उठून खाणे, दारूचे प्रमाण, पूर्वी कधी घेतलेल्या झोपेच्या गोळ्या. भेटीचा हेतू तो नसतो. फार थोड्यांना कायमचा नकार मिळतो. काहींना आधी उपचार घेऊन तीन-सहा महिन्यांनी यायला सांगितले जाते. नैराश्याच्या गोळ्या चालू असतील तर ते सांगणे विशेष गरजेचे असते, कारण बायपासनंतर काही औषधे पूर्वीसारखी शोषली जात नाहीत, विशेषतः पोटात हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली, आणि मात्रा किंवा औषध बदलावे लागू शकते.

वजन जेव्हा ढाल असते

१९८० च्या दशकात अमेरिकेतील सॅन दिएगो येथे डॉ. व्हिन्सेंट फेलिट्टी वजन घटवण्याचा एक कार्यक्रम चालवत होते. तो शस्त्रक्रियेचा नव्हता, अतिअल्प आहाराचा होता. त्यात एक चमत्कारिक गोष्ट त्यांच्या लक्षात आली: ज्यांचे वजन उत्तम घटत होते, नेमके तेच मध्येच कार्यक्रम सोडून जात होते. त्यांनी अशा रुग्णांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या, तेव्हा अनेकांवर बालपणी लैंगिक अत्याचार झाल्याचे बाहेर आले. काहींसाठी जाड शरीर म्हणजे लोकांच्या नजरांपासूनचा आडोसा होता आणि तो गळू लागताच त्यांना असुरक्षित वाटू लागले होते. या निरीक्षणातूनच पुढे बालपणीचे आघात आणि मोठेपणीचे आजार यांचा संबंध शोधणारा मोठा अभ्यास उभा राहिला आणि १९९८ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

प्रत्येक लठ्ठ माणसाच्या मागे अशी एखादी कहाणी असते, असा अर्थ कुणीही काढू नये. बहुतेकांच्या मागे ती नसते. पण ज्यांच्या मागे असते त्यांना पन्नास किलो उतरल्यावर, गर्दीत पहिल्यांदा कुणी वळून पाहिल्यावर, आनंदाऐवजी भीती वाटू शकते आणि त्या भीतीवर त्यांना ठाऊक असलेला जुना इलाज खाण्याचा असतो.

घरचे, दारचे आणि आग्रह

खाणे हा आपल्याकडे एकट्याचा मामला नसतो. ‘एवढंच? अगं, घे ना आणखी एक पुरणपोळी, तुझ्यासाठी मुद्दाम मऊ केलीय’ हे म्हणणाऱ्या मामींच्या मनात माया असते आणि नाही म्हणणाऱ्या भाचीच्या मनात अपराध. त्याच मामी महिनाभराने म्हणतात, ‘किती वाळलीस गं, तोंडावरची कळाच गेली.’ ऑपरेशन केल्याचे अनेकांनी सासरी, कचेरीत सांगितलेले नसते, कारण तो ‘शॉर्टकट’ मानला जातो. मग दर वेळी पित्ताचे, उपवासाचे निमित्त सांगावे लागते. उपवास म्हटला की साबुदाण्याची खिचडी आलीच, आणि शेंगदाण्याचे कूट व तुपासकट तीही अगदी सहज घसरते.

नवरा-बायकोच्या नात्यावरही परिणाम होतो. स्वीडनमधल्याच नोंदींवरून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर एकट्या असलेल्या व्यक्तींचे लग्न किंवा नवे नाते जुळण्याचे प्रमाण वाढलेले दिसले आणि आधीपासून जोडीदार असलेल्यांत वेगळे होण्याचे प्रमाणही वाढलेले दिसले. वजन उतरले की आत्मविश्वास येतो, काही वेळा सहन करण्याची तयारी संपते, काही वेळा जोडीदाराला असुरक्षित वाटते. आपल्याकडे याचा शेवट घटस्फोटात क्वचित होत असेल, पण घरातला ताण मात्र असतोच आणि तो पुन्हा चिवड्याच्या डब्यापर्यंत पोहोचतो.

शरीराची प्रतिमा हा आणखी एक पदर. चाळीस किलो उतरलेल्या शरीरावर दंडाची, पोटाची, मांड्यांची कातडी लोंबते आणि ती व्यायामाने जात नाही. मनातले चित्र तर आणखी मागे राहते: दोन वर्षांनंतरही कित्येकजण रिक्षात बसताना शेजारच्याला पूर्वीइतकीच जागा सोडायला सांगतात आणि दुकानात सवयीने सर्वांत मोठे माप मागतात.

दारू आणि त्याहून गंभीर काही

बायपासनंतर दारू फार वेगाने रक्तात उतरते. अमेरिकेतील एका प्रयोगात शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांच्या रक्तात दोन पेगांनंतर जेवढे अल्कोहोल आढळले, तेवढे इतरांच्या रक्तात चार पेगांनी येते. दहा अमेरिकी रुग्णालयांतील रुग्णांच्या २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मद्यविकाराचे प्रमाण शस्त्रक्रियेआधी ७.६ टक्के, पहिल्या वर्षी ७.३ टक्के आणि दुसऱ्या वर्षी ९.६ टक्के होते. इथेही दुसरे वर्षच. खाण्याचे व्यसन दारूवर ‘सरकते’ असे स्पष्टीकरण लोकप्रिय आहे, पण ते मला पुरेसे वाटत नाही. ते खरे असते, तर स्लीव्ह काय नि बायपास काय, धोका सारखाच दिसायला हवा होता, आणि तो बायपासनंतर अधिक स्पष्टपणे दिसला आहे. शोषणातला बदल विसरून चालणार नाही.

कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतातल्या ८,८१५ रुग्णांच्या नोंदींत स्वतःला इजा करून घेतल्यामुळे तातडीने रुग्णालयात आणावे लागण्याचे प्रसंग शस्त्रक्रियेनंतरच्या तीन वर्षांत आधीच्या तीन वर्षांच्या तुलनेत सुमारे दीडपट झाले होते. अशा रुग्णांची संख्या शंभरात एक-दोन इतकीच होती आणि त्यांतील बहुतेकांना पूर्वीपासून मानसिक आजार होता. ही माहिती घाबरवण्यासाठी दिलेली नाही. वजन घटले म्हणजे माणूस सुखी झालाच, असे गृहीत धरून त्याची विचारपूस थांबवू नये, एवढ्यासाठी ती हवी. कुणाच्या मनात असे विचार येत असतील तर टेलि-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते.

‘शेवटी सगळा इच्छाशक्तीचाच प्रश्न ना?’

मानसिक घटक म्हटले की लोक लगेच मनाचा कमकुवतपणा असा अर्थ घेतात. त्याला उत्तर नव्या इंजेक्शनांनीच दिले आहे. ही औषधे पोट भरल्याचा निरोप देणाऱ्या आतड्याच्या संप्रेरकाची नक्कल करतात आणि घेणारे सांगतात की डोक्यातला खाण्याचा सततचा गलका शांत झाला. इच्छाशक्ती सुईतून देता येत नाही. म्हणजे तो गलका बऱ्याच अंशी रसायनांचाच होता. वेगोव्हीतले सेमाग्लुटाइड हे औषध थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन-तृतीयांश परत आल्याचे चाचणीत दिसले, यावरूनही शरीर आपले जुने वजन किती चिवटपणे परत मागते हे कळते. शस्त्रक्रियेनंतर परतणाऱ्या वजनातही या चिवटपणाचा वाटा असतो आणि म्हणूनच अशा काही रुग्णांना आता हीच इंजेक्शने दिली जातात. मन आणि शरीर असा हिशेब वेगवेगळ्या वह्यांत मांडताच येत नाही.

मग समुपदेशनाचा उपयोग होतो का

होतो, पण जाहिरातीतल्यासारखा नाही. विचार आणि सवयी यांची साखळी ओळखून ती बदलायला शिकवणारी उपचारपद्धती टोरांटोच्या एका गटाने शस्त्रक्रियेनंतर वर्षभराने रुग्णांना फोनवरून दिली. अनावर खाणे, भावनेच्या भरात खाणे, नैराश्य आणि चिंता यांत चांगला फरक पडला. वजनात मात्र तेवढ्या काळात वेगळा फरक दिसला नाही. यावर कुणी म्हणेल, मग खर्च कशाला? माझ्या मते रात्री डबा घेऊन बसणे सुटले आणि झोप लागू लागली, तर काटा हलला नाही तरी ते उपचार वाया गेले असे म्हणता येणार नाही.

या उपचारांची वेळ नेमकी चुकते ती तिसऱ्या-चौथ्या वर्षी. पहिल्या वर्षी रुग्ण ठरल्या तारखेला हजर असतो, कारण काटा कौतुक करतो. नंतर चार किलो वाढले की ‘आधी कमी करतो, मग जातो’ असे ठरते, चारचे आठ होतात आणि फाईल कपाटात जाते. ज्यांचे वजन परतू लागले आहे, तेच दवाखान्यात यायचे थांबलेले असतात. त्यामुळे ठरलेली तारीख चुकली की दवाखान्यानेच फोन करावा. आणि रुग्ण आला की काट्यावर उभे करण्याआधी त्याला विचारावे की रात्रीच्या जेवणानंतर झोपेपर्यंतचा वेळ कसा जातो.